अस्वलाच्या आमिषाचा पंचनामा

अस्वल मी आयुष्यात दोनदाच जवळून पाहिलं. एकदा लहानपणी, बाबांच्या वनखात्याच्या क्वार्टरच्या अंगणात, आणि तेही पिल्लू. दुसऱ्यांदा सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात, मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर. एवढ्या अनुभवावर मी अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना अस्वलासाठी आमिष कुठे ठेवावं, किती ठेवावं आणि कधी उचलावं हे सांगणारं पुस्तक तयार केलं.

त्याला कारण नोकरी. नागपूरला माझी वकिलीची सनद होती, तीन वर्षं कोर्टात उभी राहिले होते. मग लग्न झालं. नवरा जहाजावर इंजिनीअर, त्याची कंपनी सिंगापूरची, म्हणून आम्ही तिथल्या क्वीन्सटाउन भागातल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर राहायला आलो. तो सहा-सहा महिने समुद्रावर आणि मी, त्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर, घरात. इथे माझ्या सनदेला कोणी विचारेना. पाच वर्षं मी अर्ज केले. एका मुलाखतीत तर मला टायपिंग येतं का एवढंच विचारलं. मी बाहेर येऊन जिन्यात रडले आणि मग स्वतःवरच चिडून चालत घरी आले.

शेवटी अलेक्झांड्रा रस्त्यावरच्या एका छोट्या ऑफिसने मला घेतलं. शिकारीचं सामान विकणारी एक अमेरिकी कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना दर हंगामाला नियमांची पुस्तिका देत असे. ती पुस्तिका तयार करायचं काम आमच्याकडे होतं. प्रत्येक राज्याच्या वन्यजीव खात्याची जाडजूड नियमपुस्तकं वाचायची आणि सामान्य माणसाला कळेल असा तक्ता करायचा. माझ्या वाट्याला काळं अस्वल आलं, आणि त्यातही आमिष. तीन महिने नोकरी कच्ची. माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच दिवशी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "धिस बुक ओके, यू स्टे. नॉट ओके, सॉरी ला." त्या चिनी वंशाच्या, पन्नाशीच्या, एसीमुळे बारा महिने स्वेटर घालणाऱ्या आणि कानावर कायम पेन्सिल खोचलेल्या होत्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. मी त्याच दिवशी ठरवलं, काही झालं तरी ही नोकरी घालवायची नाही.

मुलगी दुसरीत होती, शाळेतून दीड वाजता यायची. तिला सांभाळायला बाबा आले. बाबा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात पस्तीस वर्षं वनपाल म्हणून राबलेला माणूस. आई गेल्यापासून एकटे होते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ब्लॉकखालच्या सगळ्या झाडांची चौकशी केली आणि माळ्याला फांद्या कशा छाटाव्यात हे खुणांनी शिकवलं. माझं काम काय हे त्यांना मी मोघम सांगितलं होतं. कायद्याचं वाचन, एवढंच.

एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. बाबा चष्मा लावून मागे उभे राहिले. त्यांचं इंग्रजी सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत चालणारं.

"बेअर. बेट. काय वाचून राहिली तू?"

मी सांगितलं. अमेरिकेत काही राज्यांत अस्वलाला आमिष घालून मारता येतं, काहींत नाही, त्याचे नियम.

"आमिष कोणतं?"

"पाव, डोनट, काकवी, तळणीचं उरलेलं तेल. डोनट म्हणजे गोड वडा समजा."

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हणजे वकिली शिकून तू शिकाऱ्याले वाट दाखवून राहिली."

मला संताप आला. पाच वर्षं घरात बसले तेव्हा कोणी काही म्हणालं नाही आणि आता मिळालेल्या कामाला हे नाक मुरडणार! मी म्हणाले, "बाबा, तुम्ही माझ्या पोरीला सांभाळायला आलात, मला नाही." ते उठून बाल्कनीत गेले. दोन दिवस आमचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं चाललं.

त्यांच्या रागाचं मूळ मला माहीत होतं. ते अंगणातलं पिल्लू. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. चैत्रात मोह गळतो, आणि मोहफुलांवर अस्वल येतंच. एका माणसाने जंगलाच्या वाटेवर मोहफुलं गुळात कालवून पसरली आणि ठासणीची भरमार बंदूक घेऊन झाडावर बसला. मादी आली. अस्वलाची मादी पिल्लाला पाठीवर घेऊन चालते. मादी मेली, पिल्लू तिच्या पाठीला धरून तसंच राहिलं. बाबांनी ते क्वार्टरवर आणलं, नागपूरच्या प्राणिसंग्रहालयाची गाडी येईपर्यंत आईने त्याला बाटलीने दूध पाजलं. बाबांनी माणूस पकडला, पंचनामा केला, खटला उभा राहिला. आणि कोर्टात पहिला पंच म्हणाला, साहेबांनी सांगितलं म्हणून मी कोऱ्या कागदावर सही केली, मी काही पाहिलं नाही. त्यावर पंचनाम्यात नुसतं 'आमिष' लिहिलेलं. काय होतं, किती होतं, वाटेपासून किती पावलांवर होतं, काही नाही. माणूस सुटला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून टेबलाशी आले. "दाखव तुझा तक्ता," म्हणाले. बोट ठेवून त्यांनी दोन राज्यं वाचली. "हे काय लिहिलं? आमिष चालते, आमिष चालत नाही. अशानंच मी हरलो. नाव नको लिहू, वस्तू लिही. काय, किती, कुठे, कोणी, कधीपर्यंत."

मी मान्य केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात तक्त्याला पाच रकाने पाडले. आणि मग नियम मला दिसायला लागले, नुसते वाचले जाईनात. एका राज्यात आमिष रस्त्यापासून आणि घरांपासून ठरावीक अंतरावरच. दुसऱ्यात ते पोकळ ओंडक्यात झाकून, हरणाचं तोंड पोचणार नाही असं. एका ठिकाणी आमिषाशेजारी ठेवणाऱ्याने स्वतःचं नाव-पत्ता लावायचा. हे संध्याकाळी घरी ऐकून बाबा पोट धरून हसले. "आपल्या इकडचा चोर असं करीन का, बाप्पा!" उत्तरेकडच्या एका राज्यात तर हंगाम संपला की आमिष उचलायचं, भांडी उचलायची आणि ज्या मातीत ते झिरपलं ती मातीसुद्धा उचलायची. बाबा हसायचे थांबले. "हा नियम कोणीतरी जंगलातल्या माणसानं लिहिला," ते म्हणाले.

वीसहून जास्त राज्यांचं काम उरकत आलं. सात राज्यं उरली, ज्यांच्या अस्वलाच्या प्रकरणात आमिषाबद्दल चकार शब्द नव्हता. तिथे मी बिनदिक्कत 'चालते' लिहिलं. कायदा जिथे गप्प तिथे माणूस मोकळा, हे मी कॉलेजात घोकलं होतं. शुक्रवारी दुपारी तक्ता वरिष्ठ बाईंकडे दिला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून विचारलं, "यू शुअर ऑर नॉट?" मी म्हणाले, "शुअर." संध्याकाळी तो अमेरिकेला गेलासुद्धा. छपाई पुढच्या आठवड्यात होती. घरी येताना मी मुलीसाठी आइस्क्रीम आणि बाबांसाठी पपई घेतली.

रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोटीने पाव तास लागतो, आणि पलीकडे जुनी पत्र्याची घरं, कच्चे रस्ते, झाडी. बाबांनी बोटीतून उतरल्यावर पहिला मोठा श्वास घेतला. मुलीने सायकल घेतली, आम्ही दोघं मागून चालत होतो. डुरियनचा मोसम होता. एका झाडाखाली एक फळ फुटून पडलं होतं, वास दूरवर येत होता. बाबा फणसाचा नातेवाईक बघावा तसे त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात झाडीतून रानडुकराची मादी आली, फळाशी थांबली, आम्हाला पाहून आत सरकली.

"हे आमिष आहे का?" बाबांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"नाही. आपोआप पडलंय."

त्यांनी काठीने ते फळ ढकलत ढकलत वाटेच्या मध्यावर आणलं. मुलगी ओरडली, "आजोबा, डर्टी ला! कॅनॉट इट!"

"आता?"

"आता आमिष."

"फळ तेच, डुक्कर तेच. मधे माणसाचा हात लागला." आणि त्यांनी ते काठीनेच परत झाडाखाली नेलं, कारण तिथे एक पाटी होती, प्राण्यांना खाऊ घालू नये म्हणून. ती त्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचली. मग मला म्हणाले, "यात लाकूड तोडायचं काही लिहिलं नाही. मग मी हे झाड तोडू का?"

"तसं कसं बाबा? ते दुसऱ्या कुठल्या नियमात असेल."

"असेल नं. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवत. संरक्षित वन असेल तर जेवढं बंद केलं तेवढंच बंद, बाकी चालते. राखीव वन असेल तर उलटं. जेवढं चालते म्हणून लिहिलं तेवढंच चालते, बाकी सगळं बंद. कागद गप्प असला की आधी पाहायचं, वन कोणतं आहे."

माझे पाय जागच्या जागी थांबले. सात राज्यं. सातही मी संरक्षित वनासारखी वाचली होती. त्यांतलं एखादं राखीव निघालं तर? तिथला कुणी माणूस माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवून झाडाखाली डोनट मांडून बसला तर त्याचा परवाना जाणार, आणि एक अस्वल नियमाने जगायला हवं होतं ते मरणार. माझ्या 'चालते'मुळे. आणि तक्ता तर गेला होता.

मी बाबांना सांगितलं. म्हटलं, कोणाला कळणारही नाही कदाचित. आणि मीच सांगितलं तर नोकरी जाईल. हे बोलताना माझी मला लाज वाटत होती, तरी बोलले.

बाबा म्हणाले, "पहिले पाहून घे, चूक आहे की नाही. मग रड."

तिथून पुढच्याच बोटीने परतलो. सायकलचा तास पूर्ण झाला नाही म्हणून मुलगी रुसली होती. सातही राज्यांची नियमपुस्तकं माझ्याकडे घरी होती, कारण मी ऑफिसातून येताना रोज एकेक आणून वाचत असे. चार वाजता टेबलाशी बसले. या वेळी अस्वलाचं प्रकरण उघडलंच नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली. शिकारीच्या सर्वसाधारण पद्धती, व्याख्या, तळटीपा. बाबांनी पिठलं-भात केला, मुलीला वाढलं आणि माझं ताट टेबलावर कागदांमध्ये आणून ठेवलं. आठ वाजता उत्तर माझ्यासमोर होतं. चार राज्यांत कायदेशीर पद्धतींची यादी होती आणि 'याखेरीज सर्व निषिद्ध' असं स्वच्छ लिहिलं होतं. आमिष त्या यादीत नव्हतं. दोन राज्यांत मनाई अस्वलाच्या प्रकरणात नसून सगळ्या मोठ्या प्राण्यांच्या सामाईक प्रकरणात होती. फक्त एक राज्य खरोखर गप्प होतं. सातांपैकी सहा ठिकाणी मी चुकले होते.

"राखीव," बाबा म्हणाले, आणि ताटं उचलून नेली.

सोमवारी मी ऑफिस उघडायच्या आधी दाराशी उभी होते. वरिष्ठ बाई, इथे पिशवीत बांधून मिळते ती गरम कॉफी हातात घेऊन आल्या. मी बसायच्या आत सांगून टाकलं, सहा राज्यांत माझी चूक आहे, हे पुरावे. प्रत्येक पानाला चिठ्ठी लावली होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फ्रायडे यू सेड शुअर."

"हो. मी चुकले."

"आय आस्क्ड यू वन टाइम, यू सेड शुअर." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सहाही पानं वाचली, एकेक, सावकाश. कॉफी गार झाली. मग म्हणाल्या, क्लायंटला मेल तू लिहायची, तुझ्या नावाने, आणि तुझी नोकरी कच्ची आणखी एक महिना. मी मान हलवली. घालवलं नव्हतं त्यांनी मला.

मेल मी पंचनाम्यासारखी लिहिली. काय चुकलं, कुठे, किती ठिकाणी, बरोबर काय, कोणत्या पानावर. क्षमा एकाच वाक्यात मागितली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. छपाई थांबवली आहे, आठ दिवस देतो. त्या आठ दिवसांत मी एकूण एक राज्य पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, जिथे मला खात्री होती तीसुद्धा. जे राज्य खरोखर गप्प होतं तिथे लिहिलं, 'पुस्तकात उल्लेख नाही, खात्याला विचारावे.' आणि एक सहावा रकाना पाडला, जो कोणी मागितला नव्हता. आमिषावर मादी आली आणि सोबत पिल्लू असेल तर काय.

वरिष्ठ बाईंनी पेन्सिलीने त्यावर काट मारली. "क्लायंट नेव्हर आस्क."

"शिकारी विचारेल," मी म्हणाले. "तो झाडावर बसलाय, समोर मादी आली, मागे पिल्लू आहे. त्या क्षणी त्याला हाच एक नियम हवा. अंतराचा आणि ओंडक्याचा नको." कच्च्या नोकरीतल्या बाईने इतकं ताणू नये हे मला कळत होतं. पण मी रकाना सोडणार नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोडरबर काढलं आणि स्वतः काट पुसली.

महिन्याभराने पुस्तक छापून आलं. चाळीस पानांचं, खिशात मावेल असं. मी ते घरी नेऊन बाबांच्या हातात दिलं. त्यांच्या इथे राहायच्या पासची मुदत संपत आली होती, बॅग अर्धी भरून झाली होती. ते बाल्कनीत उजेडाला बसले आणि बोट ठेवून वाचत राहिले. सहाव्या रकान्यावरून त्यांनी बोट वरून खाली नेलं. बहुतेक ठिकाणी 'मारू नये' होतं. काही ठिकाणी नव्हतं.

"इथे नाही लिहिलं," ते म्हणाले.

"तिथे तसा नियम नाही, बाबा."

"लिहिता नसतं आलं?"

"जे आहे तेच लिहिलं. तुम्हीच सांगितलं."

त्यांनी खालच्या झाडांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'पंच क्र. १', आणि खाली सही केली. त्याखाली 'पंच क्र. २' लिहून जागा सोडली.

"दुसरी मी करते," मी म्हणाले.

"लिहिणारा पंच नसतो. तेवढं तरी ध्यानात ठेव. ज्यानं पाहिलं तो पंच."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी ते पुस्तक वरिष्ठ बाईंपुढे ठेवलं आणि हसत हसत सगळी गोष्ट सांगितली. पंच म्हणजे काय, बाबांचा खटला कसा गेला, कोऱ्या कागदावरची सही. म्हटलं, इथे फक्त एक सही हवी, गंमत म्हणून. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"कॅनॉट एनीहाउ साइन," त्या म्हणाल्या, म्हणजे अशी उगाच सही नाही, आणि पुस्तक पर्समध्ये टाकलं.

सोमवारी त्यांनी ते परत दिलं. चाळीसही पानांच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. छपाईच्या दोन चुका सापडल्या होत्या, त्यांची वेगळी यादी होती. शेवटच्या पानावर दुसऱ्या पंचाच्या जागी सही होती, आणि पुस्तकात घडी घालून ठेवलेलं माझं नोकरी पक्की झाल्याचं पत्र.

बाबा त्या दिवशी दुपारच्या विमानाने निघणार होते. मी ऑफिसातूनच घरी फोन लावला आणि आधी पत्राचं सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले, आणि लगेच विचारलं, "सही झाली का?"

"झाली. पण त्यांनी आधी सगळं वाचलं बाबा. दोन दिवस. पूर्ण चाळीस पानं."

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"असा एक पंच," बाबा म्हणाले, "मला तेव्हा भेटायला पाहिजे होता."